कोपऱ्यातला पदर

"धुराड्यावरून हा फोटो अडुसष्टचाच ठरतो," भिंग खाली ठेवत दांडेकर म्हणाले. वाफेच्या इंजिनांच्या जुन्या फोटोंची सालं ठरवणाऱ्या मंडळाचे ते अध्यक्ष होते.

"बहात्तरचा," भार्गवराव म्हणाले. "कोपऱ्यात हिचा पदर दिसतोय ना? ही साडी मेहुणीच्या लग्नात घेतली."

सगळे हसले. मंडळाच्या नियमांत धुराडं पुरावा होतं, साडी नव्हती.

तो नियम भार्गवरावांनीही चाळीस वर्षं पाळला होता. "सरक, चाकं झाकतेयस," म्हणत बायकोला प्रत्येक फोटोतून बाहेर काढलं होतं. ती गेल्यावर चारशे फोटो धुंडाळले, तेव्हा एवढा पदर सापडला.

"इंजिन झकास आलंय, काका," दांडेकर म्हणाले. "प्रदर्शनासाठी पदर तेवढा कापू."

"कापायचं तर इंजिन कापा," भार्गवराव म्हणाले. "उरेल तेवढं मोठं करून द्या."