फिलाडेल्फियाची देवी

सौदी अरेबियातल्या यान्बूच्या रिफायनरीतून घरी आलेल्या श्रीरंगनं घामाचा डाग पडू नये म्हणून सुती हातमोजे चढवले आणि जुन्या पदकांचा कप्पा उघडला. फिलाडेल्फियाच्या १८७६च्या प्रदर्शनाचं ब्रॉन्झचं पदक जागेवर नव्हतं. अमेरिकेतल्या एका लिलावात फार खटपटीनं मिळालं होतं ते. “आई, इथलं पदक पाहिलंस?” “पदकबिदक नाही. देवी होती, तिला बाहेर काढलं.” विमानतळावरच्या झडतीच्या धास्तीनं आईनं आपले देव नाशिकलाच ठेवले होते आणि आल्यापासून ती रिकाम्या पाटापुढे दिवा लावत होती. आता स्वयंपाकघरातल्या कपाटात, त्या पाटावर, तांदळाच्या वाटीत पदक उभं होतं. तलवारीच्या मुठीवर हात ठेवलेली ती अमेरिकन बाई घासलेल्या कळशीसारखी लखलखत होती. “चिंच-मीठ लावलं. पार काळवंडली होती बिचारी.” जवळजवळ दीडशे वर्षांत चढलेला तपकिरी रंग हीच त्या पदकाची किंमत होती, आणि ती मोरीतून वाहून गेली होती. श्रीरंगनं बोलायला तोंड उघडलं. “तू प्लांटवर, सूनबाई शाळेत शिकवायला,” वात सारखी करत आई म्हणाली. “आज किती दिवसांनी कुणाशी तरी बोलले.” पदक कलंडेल म्हणून श्रीरंग ते सरळ करायला वाकला, तशी आईनं त्याच्या हातावर चापटी मारली. “आधी ते मोजे काढ. देवीला असं शिवतात का?” श्रीरंगनं मोजे काढून खिशात कोंबले, हळदीत बोट बुडवलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एका पदकाला उघड्या हातानं स्पर्श केला.