बरोबर मधोमध

"मेंढी पुन्हा मधोमध," नेस्टा म्हणाली. "जरा डावीकडे घेतलीस तर काय रुसणार आहे का ती?"

एमलिननं कॅमेऱ्यावरून डोळा न हलवता सांगितलं, की मेंढीला तिथंच बसायचंय, त्याला तो काय करणार.

नोव्हेंबरातला शनिवार होता. रात्रीचं दव गोठून सगळा उतार पांढरा झाला होता आणि त्यावर कॅमेरा क्लबचे अकरा सभासद गुडघे टेकून बसले होते. दोन दिवसांची कार्यशाळा. शिकवायला कार्डिफहून एलुनेडबाई आल्या होत्या. बाई बोलायच्या कमी. सकाळपासून एवढंच म्हणाल्या होत्या, की जे टिपायला आलात ते टिपून झालं की लगेच उठू नका. हे गेथिननं वहीत लिहून घेतलं. गेथिन सगळंच लिहून घ्यायचा. त्याची लेन्स त्याच्या हाताएवढी लांब होती आणि तिच्यासाठी वेगळी तिपाई होती.

थोड्या वेळानं सगळे बाईंच्या मागून तळ्याकडे गेले. नेस्टाही गेली. एमलिन मेंढीपाशी राहिला.

नेस्टाच्या घरी क्लबचे आठ चषक होते. एमलिन बावीस वर्षं सभासद होता आणि त्याला एकदाही, अगदी उत्तेजनार्थही, काही मिळालं नव्हतं. त्यावरून त्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही. फक्त काल येताना, गाडीचा गिअर बदलता बदलता, तो म्हणाला होता की ही कार्यशाळा शेवटची. उन्हाळ्यापासून तो बोलिंगला, हिरवळीवर लाकडी चेंडू घरंगळवायच्या खेळाला, जाणार. तिथं मधोमध जाणं चांगलं मानतात.

नेस्टा वरवर हसली होती. मुलं लांब होती. आठवडाभर दोघं एकाच घरात दोन खोल्यांत दोन वर्तमानपत्रं वाचायची. एकत्र असायचे ते क्लबचे शनिवार-रविवार तेवढेच. तेही गेले, तर मग उरायचं काय?

संध्याकाळी चॅपेलच्या मागच्या खोलीत एकेकानं आत जायचं, दार लावायचं, एकच फोटो छापायचा आणि तपकिरी पाकिटात बंद करायचा, असा क्लबचा रिवाज. पाकिटावर नाव नाही, नुसती आकड्याची चिठ्ठी चिकटवायची. कुठला आकडा कुणाचा, ते चिटणीसांच्या यादीत. नेस्टाचा सात. एमलिनच्या हातात तिनं आठ पाहिला.

रविवारी चहाची पाळी तिची होती. ती अर्धा तास आधी गेली आणि किटली ठेवली. पाकिटं टेबलावरच होती. वाफेवर धरल्यावर आकड्यांच्या चिठ्ठ्या सहज सुटल्या. सात एमलिनच्या पाकिटावर गेला, आठ तिच्या. त्याचं पाकीट तिनं उघडलं नाही. आत काय असणार ते तिला ठाऊक होतं. तिच्या पाकिटात तळं होतं: धुकं, काळी होडी, नेमका उडालेला बगळा. गेल्या तीन वर्षांतला तिचा सगळ्यात चांगला फोटो. एमलिनच्या नावावर तो शोभेल की नाही याची तिला थोडी काळजी वाटली.

दहा वाजता बाई फोटो एकेक करून लावायला लागल्या. बाई बोलत असताना फोटो ज्याचा त्यानं चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हा दुसरा रिवाज. एमलिनला तो पाळणं बावीस वर्षं सोपं गेलं होतं. एक फोटो फारच स्पष्ट आलाय असं बाई म्हणाल्या, तेव्हा मागे कुणीतरी दोनदा खोकलं.

मग तळं लागलं. बाईंनी क्षणभर पाहिलं.

"सुंदर आहे. कॅलेंडरवर शोभेल."

फोटो बाजूला गेला. नेस्टाच्या मनाला ते दोनदा लागलं, एकदा स्वतःसाठी आणि एकदा त्याच्यासाठी. एमलिननं आपल्या बशीतला मनुकांचा केक तिच्यापुढे सरकवला.

थोड्या वेळानं एक फोटो लागला आणि खोलीतली कपबशांची किणकिण थांबली. सगळं रान पांढरं, गोठलेलं. बरोबर मधोमध हिरव्या, ओल्या गवताचा एक लांबट तुकडा, आणि त्यातून निघणारी वाफ. बाकी काही नाही. तिथून कुणीतरी नुकतंच उठून गेलं होतं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"जे निघून गेलं त्याची ऊब टिपलीय," त्या म्हणाल्या. "ह्याला नुसतं बसून राहावं लागतं. चाळीस वर्षं झाली, मला जमलेलं नाही."

नेस्टाला एरवी अशा वेळी पोटात थोडं जळायचं. आज जळलं नाही. ज्यानं हे पाहिलं त्याचा हात हातात घ्यावा, असं वाटलं. तिनं गेथिनकडे पाहिलं. तो वहीत खाली मान घालून लिहीत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. नशीबवान लेकाचा. तिनं एमलिनला कोपर मारलं.

"बघ. असं बघायला शिकलं पाहिजे माणसानं."

"हं," एमलिन कपात पाहत म्हणाला. "बरा आहे."

शेवटी पहिल्या क्रमांकासाठी बाईंनी तोच फोटो उचलला आणि त्याच्या मागचं पाकीट उलटून आकडा वाचला. सात. चिटणीसांनी सवयीनं यादीवरून बोट फिरवलं, सवयीनंच हसले आणि नाव वाचलं. नेस्टा प्रॉबर्ट.

पहिली टाळी एमलिननं वाजवली.