स्वतःच्या पायावर

"यंदा आम्ही चाळीस नवी दुकानं उघडून सहाशे लोकांना स्वतःच्या पायावर उभं करत आहोत!" बूट-कंपनीच्या संचालकांनी फीत कापता कापता जाहीर केलं. टाळ्या पडल्या.

विधान अक्षरशः खरं निघालं. दुकानात गिऱ्हाइकांसाठी सहा गुबगुबीत स्टुलं होती, नोकरांसाठी एकही नव्हतं. "विक्रेता बसला की धंदा बसतो," मॅनेजरने बजावलं होतं. "महिनाभर बघणार. बसलेला दिसला, तो घरी."

सहाशेंपैकी एक काकू होत्या. वय बावन्न, आयुष्यातली पहिली नोकरी. सकाळी निघताना नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला होता, "संध्याकाळपर्यंत टिकलीस तर आजचा स्वयंपाक माझा."

"मग आत्तापासून शिकायला लागा," असं सुनावून काकू निघाल्या होत्या.

पाच वाजेपर्यंत पोटऱ्यांचे दगड झाले. काकू बगळ्यासारख्या पाय बदलत उभ्या होत्या. सुटीचे सात वाजायला अजून दोन तास होते. तेवढ्यात दार ढकलून नवरा आत आला, इस्त्रीचा शर्ट घालून.

"अहो, तुम्ही इथे?"

"गिऱ्हाइकाला असं विचारतात? बायकोला बूट घ्यायचेत. बस."

काकूंनी घाबरून मॅनेजरकडे पाहिलं. नवऱ्यानेही पाहिलं. "साहेब, तुमच्याकडे गिऱ्हाईक उभ्यानेच बूट घालून बघतं का?"

मॅनेजरने नियम मनातल्या मनात पुढून मागून वाचले. "गिऱ्हाइकाने... बसायलाच हवं," तो म्हणाला. "फक्त बिल्ला काढा, काकू."

काकूंनी बिल्ला खिशात टाकला आणि बसल्या. नवरा गुडघे कडकडवत त्यांच्या पायाशी टेकला.

पहिला जोड टोचला. दुसरा ढिला झाला. तिसऱ्याचा रंगच काकूंना आवडेना. चौथा मात्र मापाने शिवल्यासारखा बसला.

"हा बांधायला सांगू?" नवऱ्याने विचारलं.

काकूंनी बुटातल्या बुटात बोटं हलवली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बरा आहे. पण अजून दोन-चार दाखवा. सावकाश."

"दाखवतो," नवरा म्हणाला. पाचव्या जोडाची नाडी सोडता सोडता त्याने आवाज खाली आणला. "आधी एक सांग, मीठ कुठल्या डब्यात असतं?"