सात नंबर

विश्रांतीचा दिवस होता. तंबूंच्या दोरांवर मोजे वाळत होते, पत्त्यांचा डाव रंगला होता. सोहोनीकाका ओढ्यात पाय सोडून बसले होते. पाणी बर्फाचं, पण पायांना काही कळत नव्हतं. मार्चमध्ये काकू गेल्यापासून त्यांना कशाचंच काही कळत नव्हतं.

"काका, पाय काढा! उद्या खिंडीत पाठुंगळीला घ्यायचंय का तुम्हाला?" लीडर मुक्ता ओरडली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "काय ठरलं? खेचरवाला चहानंतर खाली निघतोय."

"त्याच्याबरोबर उतरतो. उगाच तुम्हाला ओझं."

चहाआधी नेहमीची मोजणी झाली. रांगेत प्रत्येकाने आपला नंबर ओरडायचा. वीस वर्षं या गटात काकू सात आणि काका आठ. यंदा सात नंबर काकांना मिळाला होता. चार दिवस त्यांनी तो न चुकता म्हटला होता.

"पाच!"

"सहा!"

सवयीने काका शेजारच्या आवाजाची वाट पाहत राहिले आणि मग म्हणाले, "आठ."

कुणी हसलं नाही. चूक लक्षात येऊन ते काही बोलणार, तोच आठ नंबरचे बापट खणखणीत आवाजात म्हणाले, "नऊ!" पुढचेही एकेक वाढवत गेले. चौदा माणसांची मोजणी पंधरावर संपली.

"पंधरा. सगळे हजर," मुक्ता म्हणाली.

काका खाली बसून बूट चढवू लागले. पायांच्या बोटांना मुंग्या येत होत्या. खेचरवाल्याला त्यांनी हातानेच खूण केली, तू जा.