दम घ्यायची जागा

"मावशी, आज पाचव्या शीलात थांबू नका," उकंडराव हळूच म्हणाले.

रुखमाबाई विहारासमोरच्या सतरंजीवर पांढरं लुगडं सावरून बसल्या होत्या. कापूस वेचणीचे दिवस असूनही वस्तीतल्या सगळ्या बायका आज घरी राहिल्या होत्या. पुढं टेबलावर उकंडरावांच्या आईचा, इंदूबाईंचा फोटो होता. बाजूला मेणबत्त्या आणि माईक. त्या गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला राळेगावहून, वर्ध्याहून, नागपूरहून पाहुणे आले होते. खुर्च्या कमी पडल्या होत्या.

"काहून रे?"

"पुस्तकात तसं नाही. ते सलग म्हणायचं असते."

"आमी का पुस्तक पाहून शिकलो? तुया मायच्या तोंडून शिकलो."

ते खरंच होतं. विहारात रोज संध्याकाळी वंदना इंदूबाईच सांगत. जिनिंगमध्ये आयुष्य गेलेलं, रुईची धूळ छातीत बसलेली. पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. त्याचा पहिलाच शब्द हातभर लांब. 'सुरामेरय' एवढं म्हणेपर्यंत त्यांचा दम संपे आणि त्या मध्येच थांबत. मग बायका थांबत, पुरुष थांबत, पोरंही थांबत. वस्तीतल्या कितीतरी जणांना ते शील तसंच असतं असं वाटे.

"ती थांबली का मी म्हनो, घे बाई, दम घे," रुखमाबाई शेजारणीला सांगू लागल्या. "मंग डोळ्यानंच हो म्हने, अन् दम आला का पुढं जाये."

उकंडराव सतरंजीच्या काठाकडे पाहत उभे राहिले. पुढचं बोलायला नको असं त्यांना वाटत होतं. पण वेळ थोडा होता.

"आम्रपालीच्या लग्नात व्याह्यांकडचे लोक हसले होते, मावशी. तुमच्या गावात दारूजवळ आले का सारेच थांबतात काय, म्हणाले."

बायका फिसकन हसल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. "खरं हाय नं माय! आमच्याइथला बुढा तं अजून तिथंच थांबून हाय!"

एकट्या रुखमाबाई हसल्या नाहीत. "इंदूनंबी आयकलं होतं ते."

"म्हणूनच म्हणतो. आज तिच्या फोटोसमोर कोणी हसू नये."

रुखमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. वाचनालयातून निवृत्त झालेला हा पांढऱ्या केसांचा माणूस त्यांच्या अंगणात रांगलेला होता.

"बरं बाप्पा. नाही थांबत. आयकलं का वो बायाहो? आज मधात कोनी थांबाचं नाही."

आम्रपालीनं माईक आणून हातात दिला. "बाबा, तोंडाजवळ धरा. तुमचा आवाज पहिल्या खुर्चीलाही जात नाही."

त्यांनी मान हलवली. आईच्या जागी आपण उभं राहावं की नाही, हे त्यांचं अजून ठरलेलं नव्हतं. पण तयारी केली होती. घरी पुस्तक समोर ठेवून ते शील त्यांनी पुन्हापुन्हा म्हणून पाहिलं होतं. एका दमात सहज होत होतं. त्यांची छाती चांगली होती.

सगळ्यांनी हात जोडले. त्रिसरण नीट झालं. पहिली चार शीलं नीट झाली. पहिल्या रांगेत नागपूरचे व्याही डोळे मिटून खड्या आवाजात म्हणत होते.

पाचवं सुरू झालं.

बायका थांबल्या नाहीत. दिलेल्या शब्दाप्रमाणे त्या ती जागा ओलांडून पुढं गेल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की माईक गप्प आहे.

उकंडराव थांबले होते.

बायकांचे आवाज एकेक करून विझले. पाहुणे अडखळले. व्याह्यांनी डोळे उघडले. उकंडराव माईक तोंडाशी धरून तसेच उभे होते. लाउडस्पीकरमधून, विहारावरून, पलीकडच्या पऱ्हाटीच्या वावरांपर्यंत फक्त एक श्वास ऐकू गेला. आत ओढलेला. लांब.

कोणी हसलं नाही.

जोडलेले हात तसेच ठेवून रुखमाबाई सतरंजीवरून म्हणाल्या, "घे बाई, दम घे."