नवसाचे केस

शुक्रवारी सकाळी वेस्ट मांबलमच्या त्या गच्चीवर सईबाईच्या केसांचा दरबार भरलेला असायचा. एक शेजारीण तेल चोळायची, दुसरी शिकेकाई, तिसरी सांब्राणीच्या धुपावर बटा धरायची. केस घोट्यापर्यंत. वाळत घातले की खालच्या गल्लीत सावली पडायची म्हणे, आणि भाजीवाला गाडी त्या सावलीत लावायचा.

"आक्का, केस महिन्याला अर्धा इंच वाढतो, काही वर्षांनी आपला आपण गळतो," हरिप्रिया म्हणायची. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. "तुमचेच कसे थांबत नाहीत?"

"नवसाचे आहेत गं. एकोजी आला की वडपळनीच्या देवळात उतरवणार. तोवर थांबतील कसे?"

एकोजी आपला मुलगा, सईबाई सांगायची. लहानपणी बापाशी भांडून तंजावरच्या मराठी घरातून गेला तो गेलाच. नवरा वारल्यावर सईबाई इथे एकटी राहायला आली, तेव्हा तिचं दार दूधवाल्याशिवाय कोणी वाजवत नसे. मग नवसाची गोष्ट बाहेर पडली आणि बाया तेलाच्या वाट्या घेऊन वर आल्या. उरलेला आठवडा सईबाई शुक्रवारची वाट बघत काढायची.

हरिप्रियाला शेवटी राहवेना. तिनं तमिळ पेपरात एकोजी हरवल्याचं निवेदन द्यायचं ठरवलं.

"फोटो?"

"काढलाच नाही गं."

"काही खूण?"

सईबाई बराच वेळ विचार करत बसली. "डाव्या कानामागे तीळ." मग हळूच म्हणाली, "द्यायलाच हवं का पेपरात? तो आला तर केस जातील."

"ऐका!" तेल चोळणारी सरोजा हसली. "केसांपायी पोरगा नको झाला हिला! अहो, केस मेलेलाच असतो. मूळ तेवढं जिवंत. ही हरिप्रियाच सांगते ना?"

हरिप्रियानं निवेदन दिलंच.

महिन्याभरात एक माणूस दारात उभा राहिला. गाल बसलेले, चपलेला सुतळी बांधलेली. "अम्मा," एवढंच म्हणाला. मराठीचा एक शब्द त्याला येत नव्हता. हरिप्रियानं त्याचा कान वाकवून पाहिला.

"तीळ नाही, आक्का. लबाड आहे हा. पोलिसांना फोन लावू?" तिनं नवा मोबाईल बाहेर काढलासुद्धा.

माणूस जिन्याकडे सरकला.

सईबाई त्याच्याकडे बघत राहिली. 'हा माझा नव्हे' एवढं म्हटलं असतं, तर केसही राहिले असते आणि शुक्रवारही.

"तीळ काय, वयाबरोबर जातो," ती म्हणाली. "भाषा पण जाते. आत ये रे एकोजी. जेवलास का?"

पुढच्या शुक्रवारी सगळ्याजणी वडपळनीच्या देवळात. न्हाव्यानं पाती बदलून बदलून दमून चहा मागवला. एक पोतं भरलं, दुसरं मागवावं लागलं. बाया पदरानं डोळे पुसत दर्शनाच्या रांगेकडे गेल्या.

सईबाईनं तुळतुळीत डोक्याला चंदन लावलं. शेजारी तो माणूस मान खाली घालून बसला होता. आसपास कोणी ऐकत नाही असं बघून ती तमिळमध्ये म्हणाली, "आता तुझं खरं नाव सांग, बाळ. मला मूल कधी झालंच नाही."