लहान डबा

"नातवासाठी का, काकू? कितवीत आहे?" दुकानातल्या मुलीनं विचारलं.

"पहिलीत," इवल्याशा जपानी बेन्तो डब्याचे कप्पे न्याहाळत हेमलताबाई म्हणाल्या.

डबा हवा होता अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्यासाठी. उभ्या जन्मात त्यानं पानात शीत टाकलं नव्हतं. आता दोन घासांतच पोट भरायचं, ताट तसंच परत जायचं. "टाकण्यापेक्षा वाढूच नकोस गं," तो ओशाळून म्हणाला होता.

बाईंनी मेतकूट-भाताचे लिंबाएवढे मुटके वळले, गाजराची फुलं कापली, घावनाची सुरळी कोपऱ्यात खोचली. तेवढ्यातच डबा गच्च भरला. त्यानं तो चाटूनपुसून संपवला आणि शाळकरी पोरासारखा उघडून दाखवला. "बघ, काही टाकलं नाही!" कितीतरी दिवसांनी घरात हसू आलं.

पुढे एकदा डबा रिकामा मिळाला, पण चादर बदलताना उशीखाली रुमालात गुंडाळलेला मुटका सापडला.  बाईंनी रुमाल तेवढा गुपचूप धुऊन टाकला.

सकाळी पुन्हा दुकान गाठलं. मुलीनं ओळखलं. "मोठा दाखवू ना, काकू? या वयात मुलं भराभर वाढतात."

"नको गं," बाई म्हणाल्या. "याहून लहान असेल तर बघ."